दुधात भिजवलंस की पाण्यात?

गेल्या शनिवारी ओटीजीतून बिस्किटांचा पहिला ट्रे काढला. ओवा, कसुरी मेथी आणि थोडी मिरपूड घातलेली खारी बिस्किटं. कडा जरा जास्तच तांबूस झाल्या होत्या, दोन-तीन तर सरळ काळी पडली होती, पण घरभर असा काही वास सुटला होता की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून चौकशी केली. त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या चार बशीत घातल्या आणि आजीसमोर नेऊन ठेवल्या. आजी ब्याण्णव वर्षांची. कानाने कमी ऐकते, नाकाने मात्र सगळं ऐकते. तिने एक बिस्किट उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि विचारलं, "कणीक दुधात भिजवलीस की पाण्यात?"

मी म्हटलं, "दुधात. का गं?"

"मग चालेल," ती म्हणाली.

आता मंडळी, मी पंधरा वर्षं कोड लिहितोय. एखादी इफ-कंडिशन दिसली की ती तिथे कुणी, कधी आणि का टाकली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर हा आठवडा मी त्या एका प्रश्नाच्या मागे लागलो. सुरुवात बिस्किटापासून केली आणि पोचलो थेट टिळक-रानड्यांपर्यंत. वाटेत काय काय सापडलं ते सांगतो. कृती शेवटाकडे आहे, घाई असेल त्यांनी तिकडे उडी मारायला हरकत नाही. (पण मारू नका.)

आधी आजीच्या प्रश्नाचं. दशमी हा पदार्थ आठवतोय? प्रवासाला निघताना करायचे ती दुधात भिजवलेल्या पिठाची पोळी. आपण समजतो की ती टिकते आणि मऊ राहते म्हणून दुधात भिजवायची. ते आहेच. पण जुन्या सोवळ्या घरांत त्याचं आणखी एक कारण होतं. पाण्यात भिजवून भाजलेलं अन्न म्हणजे खरकटं. ते कुणाच्या हातचं आहे, कुठे बसून खाल्लं, कुणाचा स्पर्श झाला, ही सगळी भानगड त्याला लागू. दुधात भिजवलं, तुपात तळलं की नियम एकदम सैल. म्हणजे पीठ तेच, हात तेच, विस्तव तोच. फक्त भिजवायचा द्रव बदलला की पदार्थाची जात बदलते! या नियमाला तर्कशास्त्र म्हणायचं की पळवाट, ते तुम्ही ठरवा. मला तर तो चक्क बायपास वाटतो, आणि तोही बहुतेक घरातल्या बायकांनीच शोधलेला असणार, कारण प्रवासात पोरांची पोटं त्यांनाच भरायची होती.

आता हेच डोक्यात ठेवून बिस्किटाकडे या. बेकरीतलं बिस्किट कुणी केलं? कशात भिजवलं? त्यात अंडं आहे का? पाव असेल तर आंबवायला ताडी घातली का? एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नाही. सोवळ्यातल्या माणसाच्या दृष्टीने बेकरी म्हणजे सोर्स कोड न दिसणारं सॉफ्टवेअर.

बिस्किट हा शब्द मुळात लॅटिनमधून आला, फ्रेंचच्या वाटेने. अर्थ, दोनदा भाजलेलं. जहाजांवर नेण्यासाठी पीठ, पाणी आणि जमलंच तर मीठ एवढ्यावर भाजून पार दगड होईपर्यंत वाळवलेली चकती, हे त्याचं मूळ रूप. ब्रिटिश आरमारात सतराव्या शतकापासून प्रत्येक खलाशाला दिवसाला एक पौंड बिस्किट मिळायचं, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. ते खाण्याआधी टेबलावर आपटायचं, म्हणजे आतले किडे बाहेर पडतात. बिस्किटावर दिसणारी भोकंही तिथूनच आली, आणि ती नक्षी नाही. भाजताना आतली वाफ निघून जावी, बिस्किट पुरीसारखं फुगू नये आणि आत ओल राहू नये म्हणून ती पाडायची. आजही माझ्या हातातला काटा-चमचा तेच काम करतो.

या हिशेबाने पाहिलं तर आपल्या बेकरीतल्या त्रिकुटात, म्हणजे टोस्ट, बटर आणि खारीत, 'बिस्किट' म्हणवून घ्यायचा खरा हक्क टोस्टचा. पाव भाजायचा, कापायचा, पुन्हा भाजायचा. बटर नावाच्या त्या टणक गोळ्यात लोणी कुठे असतं हे मला तरी चाळीस वर्षांत सापडलेलं नाही. आणि खारी तर पूर्ण वेगळ्या घराण्यातली. पिठाच्या आणि स्निग्धाच्या घड्यांवर घड्या, आणि त्या पापुद्र्यांमध्ये अडकलेल्या वाफेने फुगणारी.

आपल्या बाजूला बिस्किट आलं कसं? सुरतेत एक गोष्ट सांगतात. तिथे डचांची वखार होती आणि त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती. डचांचा व्यापार आटोपला, १८२४ च्या तहानंतर त्यांनी सुरत सोडली, आणि भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी कारागिराकडे राहिली. पण गिऱ्हाईकच गेलं. स्थानिक लोक पाव खाईनात, कारण त्यात ताडी. उरलेला पाव वाळून कडक व्हायचा, आणि गंमत म्हणजे तो वाळलेला पाव लोकांना आवडू लागला. पुढे ताडी आणि अंडी वगळून, तूप-साखर-मैद्याची नानकटाई आणि जिरं घातलेली खारी बिस्किटं निघाली, अशी ही कथा. तपशील किती ताणलेला आहे ते सोडा, पण त्यातला मुद्दा मला पटतो. आपल्याकडचं बिस्किट घडलं ते काय घालायचं यापेक्षा काय *काढायचं* यावरून. अंडं काढा, ताडी काढा, मग जे उरतं ते लोकांच्या चहात बुडेल. सुरती जिरा बिस्किट आजही मुंबईत मिळतं आणि ते तोंडात टाकल्यावर जो जिऱ्याचा खमंगपणा येतो, तो कुठल्याही विलायती डब्यात नाही.

विलायती डबेही होतेच. इंग्लंडातल्या रेडिंग गावी १८२२ मध्ये निघालेल्या हंटली अँड पामर्स या कंपनीने बिस्किटं यंत्रावर करायला सुरुवात केली आणि पत्र्याच्या हवाबंद डब्यांतून साम्राज्यभर पाठवली. त्या काळातला आणखी एक शोध आपल्या कामाचा. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. यीस्ट नाही म्हणजे आंबवणं नाही, रात्रभर थांबणं नाही, ताडीचा प्रश्न नाही. एका इंग्रज नवऱ्याने बायकोच्या तब्येतीसाठी केलेली पूड सोवळ्या स्वयंपाकघरालाही चालण्यासारखी निघावी, हा योगायोग मला फार आवडला. बेकऱ्यांमध्ये मात्र अजून 'अमोनिया' वापरतात. तो तापला की त्याचा सगळा वायू होतो, मागे काही उरत नाही, त्यामुळे पातळ बिस्किट कुरकुरीत होतं. घरी वापरू नका. ओव्हन उघडलात की डोळ्यांतून पाणी येईल आणि बायको/नवरा/आई यांच्यापैकी कुणीतरी तुम्हाला घराबाहेर काढेल.

आता येतो खऱ्या गोष्टीकडे.

मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंगांसारखी शिकलेली माणसं त्यात होती. जातिभेद मोडायचा हे उद्दिष्ट. पण उघडपणे नाही, गुप्तपणे! सभासद व्हायचं तर एक परीक्षा द्यावी लागे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. झालं, एवढंच. आज आपण सकाळी चहाबरोबर जे विचार न करता करतो ते त्या माणसांनी दार लावून, छातीत धडधड होत असताना केलं. १८६० च्या सुमाराला सभेच्या सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा संपली. विचार करा. संस्था विचारांच्या पराभवाने नाही मोडली, डेटा लीक झाल्याने मोडली. पाव खाल्ल्याचा पुरावा गावभर होणार, या भीतीने.

तीस वर्षांनी पुण्यात बरोबर हेच घडलं, आणि यावेळी हॅकर आतलाच होता.

गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. त्याच्या चर्चचा उंच मनोरा अजून दिसतो, लक्ष्मी रोडच्या गर्दीतून सुटून त्या बाजूला गेलात तर वर बघा. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथे पुण्यातल्या पन्नासेक प्रतिष्ठितांना व्याख्यानासाठी बोलावणं होतं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, तेव्हा जेमतेम चोविशीतले गोखले होते. व्याख्यान झालं आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. मिशनऱ्यांच्या घरची. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायला कप नुसता हातात धरून खाली ठेवला. आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे हा क्षण. दुसऱ्याच्या घरी नको असलेलं पुढे आलं की आपण असंच काहीतरी करतो. त्यात एवढं काय?

एवढं हे, की या सगळ्यामागे गोपाळराव जोशी होते. होय, तेच. डॉ. आनंदीबाईंचे पती. आनंदीबाई १८८७ मध्ये गेल्या होत्या. गोपाळराव हा माणूस मला कधीच पुरता कळलेला नाही. विक्षिप्त, हट्टी, बायकोला शिकवण्यासाठी प्रसंगी क्रूर, आणि दांभिकतेचा वास आला की तिथे काडी टाकल्याशिवाय न राहणारा. त्यांनी कोण कोण हजर होतं त्यांची नावंच 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली. झालं! सनातनी मंडळींनी प्रकरण शंकराचार्यांकडे नेलं. ग्रामण्य सुरू झालं. शंकराचार्यांनी चौकशीसाठी पुण्याला शास्त्री पाठवले. म्हणजे एका कप चहासाठी आणि एका बिस्किटासाठी रीतसर चौकशी आयोग, साक्षी, युक्तिवाद, सगळं.

आरोपींच्या यादीतली गंमत बघा. त्याच वर्षी, संमतिवयाच्या बिलावरून टिळक आणि रानडे एकमेकांच्या विरुद्ध उभे होते. इथे दोघेही एकाच पिंजऱ्यात. टिळक काही सुधारक पक्षाचे नव्हते, पण चहा घेतला होता आणि तो नाकारलाही नाही. त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ काढले, वकिली पद्धतीने वाद घातला, आणि काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं पुढे केलं. रानड्यांची गोष्ट वेगळी. ते स्वतः न्यायाधीश. त्यांना वैयक्तिक फरक फारसा पडत नव्हता. पण ज्यांच्या घरी आईवडील जेवायचे थांबले, ज्यांच्या घरच्या लग्नामुंजींना भटजी यायला तयार होईनात, अशा मित्रांचं काय? त्यांच्यासाठी रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हा प्रसंग आलेला आहे, तो जरूर वाचा. घरातून पाहिलेलं हे प्रकरण बाहेरून दिसतं त्याहून फार वेगळं आहे.

कॉलेजात असताना मला रानड्यांचा राग यायचा. एवढा मोठा माणूस, आणि बिस्किटासाठी माफी? आता स्वतः टीम सांभाळायला लागल्यापासून तितकासा येत नाही. तुम्ही खंबीर राहिलात की किंमत तुमच्याहून ज्युनियर माणूस भरतो, हे मी पाहिलेलं आहे. तरी पूर्ण पटत नाही ते नाहीच. कारण प्रायश्चित्त घेतलं की नियम बरोबर होता असं लेखी होतं.

आणि या सगळ्या वादात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. ज्यांच्या हातचं खाल्ल्याने माणूस बाटतो असा दावा होता, ती माणसं या खटल्यात कुठेच नाहीत. त्यांना ना साक्षीला बोलावलं, ना त्यांना काय वाटलं ते विचारलं. पुण्यातल्या बड्यांना बिस्किटासाठी प्रायश्चित्त होतं. ज्यांनी १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्यांना काठ्या होत्या. दोन्ही एकाच नियमाची टोकं आहेत, हे बिस्किटाच्या गमतीत विसरू नये.

बाजाराने मात्र आपला मार्ग काढला. १८९२ मध्ये, म्हणजे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं त्याच वर्षी, कोलकात्यात २९५ रुपये भांडवलावर बिस्किटांचा एक छोटा धंदा सुरू झाला, त्याची पुढे ब्रिटानिया झाली. १८९८ मध्ये दिल्लीला चक्क 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली. नावातच सगळी जाहिरात आली. आमच्याकडे उच्चवर्णीय हातच लागतात, निश्चिंत खा. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात पार्ले सुरू झालं आणि पुढे कित्येक दशकं लोकलमधून जाणाऱ्या माणसाला डोळे मिटूनही कळायचं की पार्ला आलं. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तो वास गेला. यंत्रावर केलेल्या, कागदात गुंडाळलेल्या बिस्किटाला हातच नसतो. त्यामुळे कुणाच्या हातचं हा प्रश्नच उडाला. सभा, व्याख्यानं, ग्रामण्य यांना जे पन्नास वर्षांत जमलं नाही ते मेणकागदाने केलं.

मधल्या पिढ्यांनी घरगुती तोडगे काढले. आपल्या स्वयंपाकघरात विस्तव असायचा तो खाली. चुलीवर तवा, कढई. चारी बाजूंनी उष्णता देणारी भट्टी घरात नाही. म्हणून जे पीठ दुसरीकडे भाजलं गेलं असतं ते आपण तळलं. मैदा, कडकडीत मोहन, ओवा, मीठ, हे खाऱ्या शंकरपाळ्याचं पीठ. तेच जाडसर लाटून ओव्हनमध्ये ठेवा, खारं बिस्किट. म्हणजे 'घरी बेकिंग' हे आपण परदेशातून शिकलो वगैरे काही नाही, पीठ आपल्याकडे होतंच, फक्त कढईऐवजी पेटी आली. मग गोल अ‍ॅल्युमिनियमचे, झाकणाला काच असलेले ओव्हन आले, कुकरमध्ये वाळू घालून केक झाले. आणि दिवाळीच्या आधी तूप, पिठीसाखर, मैदा डबे भरभरून घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, हे तर माझ्या लहानपणीही होतं. भट्टीवाले चाचा, ट्रे त्यांचे, विस्तव त्यांचा, हातही त्यांचेच. पण "सामान आपलं आहे" म्हणून आजीला चालायचं! बघा, पुन्हा बायपास.

बरं, कृती. दोन वाट्या पीठ (मी निम्मी कणीक, निम्मा मैदा घेतो), पाव चमचा मिरपूड, एक चमचा मीठ, एक चमचा साखर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, एक चमचा हातावर चुरडलेला ओवा, एक मोठा चमचा कसुरी मेथी. यात शंभर ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. हेच मोहन. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणाला लपेटतो, पाणी आत शिरू देत नाही, म्हणून चिवटपणा येत नाही आणि बिस्किट खुसखुशीत होतं. मग तीन-चार चमचे थंड दूध, गोळा जमेल इतकंच. मळू नका, नुसतं गोळा करा. अर्धा तास फ्रिज. चार मिलिमीटर जाड लाटून, कापून, काट्याने टोचून १७० अंशांवर अठरा-वीस मिनिटं. माझी पहिली खेप करपली कारण मी २०० वर ठेवली होती. स्वस्त ओटीजीचा थर्मोस्टॅट आणि मॅनेजरने दिलेली डेडलाइन, दोन्हीवर विश्वास ठेवायचा नाही. साधा ओव्हन थर्मामीटर घ्या.

दुसऱ्या खेपेला मी एक केलं. सगळी बिस्किटं गार झाल्यावर पुन्हा १२० वर दहा मिनिटं ठेवली. दोनदा भाजलेली. फरक जमीन-अस्मानाचा! आठ दिवस डब्यात कुरकुरीत राहिली. ओव्याचं म्हणाल तर त्याच्या तेलात थायमॉल असतं, आणि युरोपात खाऱ्या बिस्किटांत घालतात त्या थाइममध्येही तेच. त्यामुळे परदेशी कृतीत थाइम लिहिलं असेल तर बिनदिक्कत ओवा घाला, फक्त निम्मा.

दुसऱ्या खेपेची दोन बिस्किटं आजीला दिली. दात नाहीत, त्यामुळे चहात बुडवून. तिला मी टिळकांची, रानड्यांची, गोपाळरावांची सगळी गोष्ट मोठ्याने ओरडून सांगितली. तिने अर्धी ऐकली असावी. मग म्हणाली, "आमचे अण्णा पुण्याला गेले की इराण्याकडे खारी खायचे. घरी यायच्या आधी वाड्याच्या नळावर चूळ भरायचे. आम्हाला वाटायचं, प्रवासाची धूळ."

"मग तुला कसं कळलं?"

"उपरण्यावर पापुद्रे असायचे ना. आई झटकायची." आजीने बशीतला चुरा बोटाने गोळा केला. "आणि आईने कधी विचारलं नाही, ते कशात भिजवलेलं असतं."

मग तिने कप पुढे केला. चहा संपला होता.